नवव्या वहीतलं पान

४ मार्च, मंगळवार

मास्तरचं पार्सल आलं. दीडशे टाइप केलेली पानं आणि वर चिठ्ठी : "आक्का, तुझा मजकूर थोडा सुधारून घेतला आहे. वाचून पाहा."

वाचून पाहिला. मी लिहिलं होतं, "ह्यांच्या पायांची सूज उतरेना. सहा वेळा उठवलं मला. सहाव्या वेळी मी म्हटलं, आधी मला एकदाचं मारून टाका आणि मग खुशाल आजारी पडा. ते हसले. मला हसू आलं नाही." मास्तरनं त्याचं केलं आहे, "पतीच्या शुश्रूषेत रात्रीचा दिवस होत असे. परंतु त्या सेवेतही एक अनामिक समाधान होते."

त्या अनामिक समाधानाला लावा काडी.

प्रस्तावनेत तर कहर. "आम्हा तीन भावंडांना जोडणारी ही फिरती वही माझ्या एका कल्पनेतून जन्माला आली." खोटं. ठार खोटं. वीस वर्षांपूर्वी बारकी लग्न होऊन लांब गेली. मास्तर त्याआधीच नोकरीपायी दुसऱ्या टोकाला जाऊन बसला होता. मी होते तिथंच राहिले. फोनवर तिघंही "बरी आहेस ना, बरा आहेस ना" करून ठेवून द्यायचो. तेव्हा मी कारखान्यातल्या उरलेल्या कागदांची वही बांधली, पहिली चार पानं लिहिली आणि मास्तरला पोस्टानं पाठवली. त्यानं लिहून बारकीला पाठवायची, बारकीनं लिहून मला. प्रत्येकाला पंधरा दिवस. नियमही माझेच : खोडायचं नाही, फाडायचं नाही, आणि वहीतलं फोनवर काढायचं नाही. फोन माणूस जिवंत आहे का ते बघायला. वहीतलं वहीतच. वर्षाला एक वही. भरलेल्या एकोणीस माझ्या कपाटात आहेत, विसावी फिरते आहे.

आता हेडमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर साहेबांना त्याचं पुस्तक करायचं आहे. मागच्या वर्षी येऊन राहिला तेव्हा एकोणीसही वह्यांचे फोटो काढून नेले. मला वाटलं आठवणीसाठी.

मला चौथीतून काढलं ते त्याची शाळा चालू राहावी म्हणून. बारकी रांगत होती, तिला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. मी वाचायला शिकले ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात, छापून आलेले सुटे कागद दुमडता दुमडता. कादंबरीचा शेवट आधी, मग मधलं, मग सुरुवात. त्यामुळे मला कुणी शेवट आधी सांगितला तरी चालतं. माझं वाक्य बदललेलं चालत नाही.

हे सगळं फिरत्या वहीत लिहिता येत नाही, ती मास्तरकडेच जाते. म्हणून हे वेगळं बाड शिवलं आहे. हे कुठेही जाणार नाही.

५ मार्च, बुधवार

मास्तरला फोन केला.

"आक्का, छापायचं म्हटलं की थोडा हात फिरवावा लागतो."

"कुणाच्या पाठीवर?"

"अगं, भाषेवर. तू लिहितेस तसं बोलतात. लिहीत नाहीत."

"मी लिहिलंय ना? म्हणजे लिहितात."

"पण लोक काय म्हणतील? आजारी नवऱ्याला असं बोलली?"

"नवरा माझा होता. लोकांचा नव्हता."

"म्हातारी झालीस तरी तू सुई ती सुईच."

"आणि तू लाल पेन्सिल."

ठेवून दिला. तासाभरानं परत त्याचाच फोन, जेवलीस का विचारायला. मी म्हटलं, "घरात बोलायला कुणी नाही का तुला?" तर म्हणाला, नाही, बायको मुलाकडे गेली आहे, चार महिने झाले. बरंच झालं म्हणाला, पुस्तकाला वेळ मिळतो. त्याच्या रिकाम्या वेळेची किंमत माझ्या वाक्यांनी का मोजायची?

१० मार्च, सोमवार

वही आली. मास्तरची नऊ पानं, त्यात एक सुविचार. बारकीच्या जागी दोन ओळी.

"माझी पानं छापू नका. आणि इथून पुढे वही परस्पर आक्काकडे पाठवा, माझ्याकडे नको."

बस्स. पंधरा दिवस ठेवून घेतली आणि दोन ओळी. छापू नका म्हणतेस ते समजलं, मीही तेच म्हणते आहे. पण वहीच नको? वीस वर्षं चाललेली वही? ज्या पोरीला मी कडेवर वाढवलं, जिची पहिली अक्षरं माझ्या हाताखाली गिरवली गेली, ती मला दोन ओळींत दार लावते?

तिची ही खोड जुनीच. सात वर्षांपूर्वी तिनं नवरा सोडला. मला कळलं केव्हा? सहा महिन्यांनी, आणि कसं, तर वहीत : "मी आता हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहते. खिडकीत दोन कुंड्या आहेत." कुंड्या! तो माणूस कसा होता, काय झालं, एक अक्षर नाही. मोठी बहीण काय मेली होती? माझ्या घराचं दार बंद होतं का? मी तेव्हाही आठ दिवस कुणाशी बोलले नव्हते.

कारखान्यात पुठ्ठे कापणारी म्हणाली, "तोंड का असं? पेज समजून चिकटवायची खळ प्यालात का?" मी म्हटलं, "तू बोलू नकोस, तुला प्यायला देईन." दिवसभर सगळ्या माझ्यापासून चार हात लांब.

फोन करून विचारावं तर नियम आडवा येतो. नियम मोडला तर मीच मोडला असं होईल. मग मी का मोडू?

१४ मार्च, शुक्रवार

तिला काय लागलं असेल ते शोधायला जुन्या वह्या काढल्या. नक्की मास्तरच्या कुठल्या तरी सुविचारानं डिवचली असणार.

वह्यांना अजून ह्यांच्या दुकानाचा वास आहे, लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा. आमचं घर दिवसभर बंद, म्हणून पार्सलं ह्यांच्या दुकानावर यायची. हे फोटोंना चौकटी करून द्यायचे. संध्याकाळी वही हातात ठेवून म्हणायचे, "तिकडं सगळं ठीक आहे, वाच निवांत." आधी स्वतः वाचून घ्यायचे, वाईट बातमी असली तर मला एकदम धक्का बसू नये म्हणून. असा माणूस किती जणींना मिळतो? मास्तरला सेवाच लिहायची असेल तर ही लिही म्हणावं. जाऊन तीन वर्षं झाली. अजून पोस्टमननं बेल वाजवली की मला वाटतं, हा इथं कशाला आला, दुकानावर जायचं ना.

नवव्या वहीशी आल्यावर मात्र हसू आलं. अकरा वर्षांपूर्वीची. बारकीचं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय ओढलेले. दोनच पानं. नळ दुरुस्त झाला, वॉर्डात नवीन मोठ्या सिस्टर आल्या, आणि तळाला : "बाकी इथं सगळं ठीक आहे." पान संपलं तिथं तीही संपली. त्याच्यापुढे मी तिला चांगलंच झापलं आहे : "बारके, एवढंच? एवढ्यासाठी पंधरा दिवस लागले? आणि अक्षर काय हे? याच्यापेक्षा बरं तुला पाचव्या वर्षी येत होतं. अंगात आळस भरलाय तुझ्या. पुढच्या खेपेला नीट लिहून पाठव."

पुढच्या खेपेला अक्षर सुधारलं. म्हणजे बोलल्याचा उपयोग होतो.

१६ मार्च, रविवार

नवव्या वहीचा दोरा कुजला आहे, म्हणून आज ती उसवून परत शिवायला घेतली.

आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की एक जुज होते. तिची पानं सोळा. अशा सहा जुजा शिवल्या की आमची वही. माझे हात मोजूनच घेतात, मला मोजावं लागत नाही. चौथी जुज हाताला पातळ लागली. मोजली. पंधरा पानं.

परत मोजली. पंधरा.

मी वही बांधताना पान चुकवत नाही. खिडकीपाशी नेऊन बघितलं. बारकीची दोन पानं आणि माझं झापणं यांच्यामध्ये एक पान होतं. कापलेलं आहे. शिवणीपाशी सुतभर पट्टी ठेवून कापलं आणि ती पट्टी खळीनं पुढच्या पानाला चिकटवली, म्हणजे जोडीचं पान सुटून येऊ नये. उसवल्याशिवाय कुणाला दिसलं नसतं. मलाच अकरा वर्षं दिसलं नाही. फाडलेलं नव्हे, पोलादी पट्टी लावून नव्या पात्यानं एका दमात कापलेलं. हात जरासुद्धा हललेला नाही. मी मनात म्हटलंसुद्धा, काय सफाई आहे.

मग मस्तकात तिडीक गेली. सरळ मास्तरला फोन लावला.

"लाल पेन्सिल पुरली नाही म्हणून पातं घेतलंस का रे?"

"कसलं पातं?"

"नववी वही. बारकीचं पान कापलंस. काय लिहिलं होतं तिनं तुझ्याबद्दल? आत्ता कळलं ती का लिहायची थांबली ते."

"आक्का, मला फळ्यावर सरळ रेघ मारता येत नव्हती. पोरं हसायची. मी काय पान कापणार?"

"तू सुधारतोस. तुला सगळ्याचंच सुधारायचं असतं."

"एक मिनिट ऐक. वही बारकीकडून कुणाकडे जाते?"

"माझ्याकडे."

"आणि तुझ्याकडून माझ्याकडे. मी कापलं असतं तर त्याआधी तू ते वाचलं असतंस. वाचलंस?"

मी उसवलेली जुज परत उलटून बघितली.

"वाचलंस का, आक्का?"

"नाही."

"मग चोर सोडून संन्याशाला फाशी का देतेस?"

मी म्हटलं, संन्याशानं जास्त बोलू नये. ठेवून दिला. माफी मागायला हवी होती, मागितली नाही.

मग कोण? बारकीनं स्वतःच लिहून कापलं? तिला कापायचं असतं तर कात्री चालवली असती, पट्टी कशाला चिकटवत बसेल? पोस्टात कोण कशाला पान कापेल? माझं डोकं चालेना. परत शिवायला घेतली तर सुई दोनदा बोटात गेली.

१७ मार्च, सोमवार

कारखान्यात पट्टी लावून कागद कापत होते. पट्टी दाबताना डावा अंगठा काठापासून लांब ठेवायचा, पातं एकदाच ओढायचं, मग खळीचं बोट फिरवायचं. हे मला कारखान्यानं शिकवलेलं नाही. लग्नानंतर दुकानात मदतीला बसायची तेव्हा ह्यांनी शिकवलं. फोटोभोवतीचा कागद ते असाच कापायचे. सुतभर ठेवून.

पातं खाली ठेवलं. मालकांना म्हटलं, चक्कर येते आहे, घरी जाते. चक्कर येत नव्हती.

त्या माणसानं कापलं.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी सातला बारकीला फोन केला. ड्युटीवरून नुकतीच आली होती.

"बारके, नवव्या वहीत नळ दुरुस्त झाला लिहिलंस, त्यापुढे आणखी एक पान लिहिलं होतंस का?"

ती म्हणाली, "वहीतलं फोनवर काढायचं नाही. तुझाच नियम."

"जळला तो नियम. लिहिलं होतंस का?"

"आक्का, अकरा वर्षांनी का खेळतेस माझ्याशी?"

"मला मिळालं नाही ते. कापलेलं होतं. मला रविवारी कळलं."

"कुणी कापलं?"

मी सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

ती म्हणाली, "पहिली ओळ होती, मागच्या पानावर लिहिलं ते खोटं आहे, इथं काहीच ठीक नाही."

नंतर तिनं सगळं सांगितलं, पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला द्यावी तसं. नवऱ्यानं उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता. हॉस्पिटलच्या चादरींच्या खोलीत बसून डाव्या हातानं लिहिलं. फोनवर बोलायची सोय नव्हती, तो शेजारी बसून ऐकायचा. वही तेवढी तो उघडत नसे, रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणायचा. तिनं मला विचारलं होतं, मी तुझ्याकडे येऊ का, कायमची. आणि खाली लिहिलं होतं, नाही म्हणायचं असेल तर त्यावर काहीच लिहू नकोस, मी समजेन.

"आणि तू लिहिलंस, अक्षर सुधार," ती म्हणाली.

मला खुर्ची सापडेना. जमिनीवर बसले.

"मी समजले. चार वर्षं तिथंच काढली. मग माझी मी निघाले. तुला माफ करायला आणखी दोन वर्षं लागली, आक्का, पण केलं. आता मास्तरनं टाइप करून पाठवलं. तुझं ते अक्षराचं त्यानं ठेवलंय आणि वर मथळा दिलाय, थोरल्या बहिणीची प्रेमळ कानउघाडणी. ते वाचलं आणि म्हटलं, पुरे झालं."

"मला माहीत नव्हतं गं."

"हो. आता कळलं ते. मग माफ कुणाला केलं मी एवढी वर्षं?"

ती म्हणाली, डोळे मिटतायत, झोपते.

२३ मार्च, रविवार

पाच दिवस लिहिलं नाही. लिहायला बसलं की कागद फाटेल असं वाटायचं.

चोवीस वर्षांच्या संसारात मी त्या माणसाच्या हातची शिस्त बघून खूश होत होते. "तिकडं सगळं ठीक आहे, वाच निवांत." निवांत! दुसऱ्याच्या संसारात आपण पडू नये, हे त्याचं पालुपद. बारकीचा नवरा येऊन दुकानासमोर तमाशा करेल, याची भीती वाटली असेल. त्याला भांडण नको असायचं. गिऱ्हाईक चुकीचं बोललं तरी हा हो म्हणायचा. भित्रा. मऊ बोलणारा भित्रा माणूस. आणि मी तीन वर्षं त्याच्या नावानं चहाचा दुसरा कप विसळत होते.

भिंतीवर त्याचा फोटो आहे, चौकट त्यानंच केलेली. त्याच्यासमोर उभी राहून बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. शिवी द्यायलाही समोर ऐकणारं कुणी लागतं. तो तिथून आपला बघतो आहे, फोटो काढणाऱ्यानं "हसा" म्हटल्यावर हसलेला.

दुपारी बारकीचा निरोप आला : "वही पाठव. माझे पंधरा दिवस मला हवेत. तुझा काय दोष."

वाचून रडले असते, पण तेव्हाच ते आठवलं. आठवलं नसतं तर किती बरं झालं असतं.

शाळेच्या पुस्तकांचा हंगाम होता. मी दोन पाळ्या करून आले होते, घमेल्यात गरम पाणी घेऊन पाय सोडून बसले होते. हा पात्याला तेल लावत होता. सहज विचारल्यासारखं म्हणाला, "समजा, बारकी इथं येऊन राहिली तर?"

मी म्हटलं, "राहू दे की. मला माळ्यावर टाका आणि तिला माझ्या जागी घ्या. या दोन खोल्यांत आणखी एक माणूस आलं ना, तर मीच घर सोडून जाईन. आयुष्यभर तिलाच कडेवर घेऊन फिरायचं का मी?"

तो "बरं, बरं" म्हणाला. पातं पुसलं.

मला वाटलं चेष्टा करतो आहे. दमले की मी असंच बोलते, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याला ते माहीत होतं. माहीत नव्हतं का?

वाटलं, वेगळ्या वर्षीचं असेल. नववी वही काढली. माझ्याच अक्षरात आहे, बारकीला झापलं त्याच्याच खाली : "पुस्तकांचा हंगाम. पाय भरून येतात. रोज गरम पाण्यात ठेवून बसते." तोच आठवडा.

म्हणजे त्यानं मला विचारलं होतं. चोरून विचारलं, अर्धं विचारलं, खरं काय ते लपवून विचारलं, पण विचारलं. आणि नाही मी म्हटलं. मग त्यानं ते पान कापलं. मला 'नाही' असं लिहावं लागू नये म्हणून? की त्याला हवं ते उत्तर मिळालं म्हणून? आता कोण सांगणार? त्याला कापून काढावं तर जोडीचं माझंही पान त्याच्याबरोबर निघतं.

मला त्याचा राग आहे. कमी झालेला नाही. पण कालपर्यंत तो राग मला सरळ उभं राहायला उपयोगी पडत होता.

२४ मार्च, सोमवार

मास्तरला सांगितलं. आधी त्या दिवसाची माफी मागितली. तो म्हणाला, "राहू दे गं, मला सवय आहे."

मग सगळं ऐकून म्हणाला, "हे बारकीला सांगू नकोस."

"का?"

"काय मिळणार आहे तिला? ज्यानं कापलं तो गेला. त्याच्या माथी राहू दे, त्याला आता काय जड?"

"परत सुधारायला लागलास."

"हो, लागलो. तुला ती परत मिळाली आहे, आक्का. उद्या वही टाक पोस्टात. झालं. माझंही पुस्तकाचं राहू दे, मला काही नको. आपली वही चालू राहू दे फक्त. माझ्याकडे दुसरं येतं काय, वाट बघावी असं?"

त्याचं चुकत नाही, याचाच राग आला. मीही दिवसभर हेच घोकत होते. कुणालाच माहीत नाही, घमेलं आणि मी आणि एक गेलेला माणूस. पण बारकीनं "तुझा काय दोष" लिहून पाठवलं आहे. त्याच्यावर मी गप्प बसले तर तिला कळलेलं परत खोटंच असणार. यावेळी कापणारी मी.

वहीत लिहून पाठवावं असंही मनात आलं. पण मग ती एकटी वाचेल, आणि मी इथं पंधरा दिवस नियम पाळत बसेन. मला शिव्या पोस्टानं नकोत.

मालकांकडून आठ दिवसांची रजा घेतली. त्यांनी विचारलं, "सगळं बरं ना?" मी म्हटलं, नाही.

मास्तरनं परत फोन केला. "मी येऊ का तिकडं?"

"तू नंतर ये. एका वेळी एकच गुन्हेगार पुरे."

२९ मार्च, शनिवार

एकोणीस तास गाडीत बसून आले. बारकीची खोली तिसऱ्या मजल्यावर. एक पलंग, एक टेबल, खुंटीवर पांढरा गणवेश, खिडकीत दोन कुंड्या. दार उघडून ती आधी माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "सुजलेत." मग मिठी मारली. वीस वर्षांत चार वेळा भेटलो असू, तेही लग्नाकार्यात आणि ह्यांच्या वेळी.

तिच्या उजव्या मनगटाचा सांधा वाकडा जुळला आहे. मी पूर्वी पाहिला नव्हता का? पाहिला असेल. विचारलं नव्हतं.

आज दुपारची ड्युटी होती, गणवेशाला इस्त्री करत होती. चहा होईपर्यंत थांबले तर माझा धीर जाईल असं वाटलं, म्हणून पिशवी खाली न ठेवताच सांगितलं. घमेलं, गरम पाणी, त्याचा प्रश्न, माझं उत्तर, शब्दाला शब्द.

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं.

"हसत म्हणालीस ना?"

"नाही. चिडून."

"कशाचा राग होता माझा?"

"तुझा नव्हता. तेव्हा मला चिडायला कारण लागत नव्हतं."

"आत्ता लागतं?"

तिनं गणवेश घातला, केस बांधले, घड्याळ लावलं. दाराशी वळून म्हणाली, "आत्ता मला काही बोलता येणार नाही. वॉर्डात अठरा पेशंट आहेत." आणि गेली.

मी पिशवी अजून उघडलेली नाही. परत जायचं झालं तर बरं.

३० मार्च, रविवार

काल ड्युटीवरून आली ती न बोलता झोपली. मला पलंगावर झोपायला लावलं आणि स्वतः जमिनीवर चादर टाकली. मी खाली झोपते म्हटलं तर नुसतं बघितलं. मी पलंगावर झोपले.

आज सुट्टी. सकाळी दात घासत होती. तोंडातला फेस थुंकला, मागे वळली आणि सुरू झाली.

"मला विचारायचं होतंस! अक्षर वाकडं दिसलं तर विचारायचं होतंस, बारके, हाताला काय झालं! आळस दिसला तुला? नियम म्हणे! तुझ्या कडेवरची होते मी, आणि माझ्याशी बोलायला तुला नियम लागले?"

घशाच्या शिरा ताठ झाल्या होत्या. तिचा इतका मोठा आवाज मी ती तान्ही होती तेव्हाच ऐकला होता. माझ्यावर झालं, मग ह्यांच्यावर. त्यांना ती भाऊजी म्हणायची, आज वेगळंच म्हणाली. त्यांच्या बाजूनं एक शब्द माझ्या ओठांवर आला, तो मी गिळला. मग मास्तरवर : "प्रेमळ कानउघाडणी! त्याला म्हणावं, ये इकडं, तुझे कान उघडते!" मग परत माझ्यावर : तिथं काढलेल्या त्या चार वर्षांतलं पहिलं वर्ष. मोडलेल्या हातानं तिनं दीड महिना भांडी घासली. वही परत येईल त्या दिवसासाठी तिनं बॅग भरून ठेवली होती, पलंगाखाली, दोन साड्या आणि नोकरीचे कागद. वही आली, वाचली, आणि बॅग रिकामी केली. हे तिनं त्या दिवशी फोनवरही सांगितलं नव्हतं.

मी दोनदा मध्ये बोलायला गेले. ती म्हणाली, "तुझी वेळ नाही ही. गप बस." बसले.

शेजारच्या खोलीतली नर्स दार वाजवून विचारून गेली, काय झालं. बारकी म्हणाली, "बहीण आली आहे." नर्सनं मला नीट बघून घेतलं आणि गेली.

साडेअकराला आवाज बसला. मग कोमट पाणी प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी तिच्या अंगावर चादर घातली, ती तिनं पायानं काढून टाकली. थोड्या वेळानं परत घातली, तेव्हा राहू दिली.

खाली जाऊन मालकांना फोन केला. म्हटलं, रजा वाढवून हवी.

"आणखी किती दिवस?"

म्हटलं, "सांगता येत नाही. आज पहिलंच वर्ष झालंय. अजून तीन राहिलीत."

त्यांना काही समजलं नाही. म्हणाले, या सावकाश.

दूध आणि चार अंडी घेऊन वर आले आहे. ती अजून झोपलेली आहे. उठल्यावर तिला भूक लागलेली असणार.